गुरुबसप्पांची वरची रेघ

गुरुबसप्पा पेंटर दुकानाचा बोर्ड रंगवायचे तेव्हा अक्षरांवरची आडवी रेघ अगदी शेवटी ओढायचे. आधी पत्र्याला निळा नाहीतर तांबडा हात, मग खडू लावलेल्या दोरीचे दोन फटके, मग अक्षरं. सगळी अक्षरं भरून झाली की शिडीवरून खाली उतरायचे, चहा घ्यायचे आणि मालकाला म्हणायचे, "या मालक, हात लावा."

मालक शिडीवर चढायचा, त्यांच्या मनगटावर हात ठेवायचा आणि तो हात तसाच असताना गुरुबसप्पा डावीकडून उजवीकडे रेघ ओढायचे. रेघ ओढेपर्यंत बोर्ड रंगाऱ्याचा, रेघ ओढली की मालकाचा. त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला हा रिवाज. बाकीच्या रंगाऱ्यांनी तो केव्हाच सोडला होता, कारण मालकाला शिडीवर चढवण्यात अर्धा तास जातो. गुरुबसप्पांनी सोडला नाही. एकदा एका चादरवाल्याची सत्तरीतली आई हट्टानं वर चढली आणि रेघ झाल्यावर उतरायलाच तयार होईना. इथून रस्ता लई छान दिसतो म्हणाली. तिला खाली आणायला तिघं लागले.

बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, तांदळाएवढ्या अक्षरांत ते 'गुरू' असं लिहायचे. ते मात्र रेघेच्या आधी. बोर्ड आपला आहे तोवरच त्यावर आपलं नाव घालायचा हक्क, असं ते म्हणायचे.

त्यांची अक्षरं सोलापुरात दुरून ओळखू यायची. जाड, गुबगुबीत, कुठंही टोक नाही. काना असो की वेलांटी, जिथं संपायची तिथं बोटाच्या पेरासारखी गोल व्हायची. सुरुवातीचा आणि शेवटचा जाडपणा एकच. एसटीच्या खिडकीतूनसुद्धा बोर्ड एका नजरेत वाचून व्हायचा. पण ही अक्षरं त्यांनी दुकानांसाठी काढलीच नव्हती. ती काढली होती निंगव्वांसाठी.

निंगव्वा त्यांच्या पत्नी. अक्कलकोटच्या पलीकडच्या, अगदी हद्दीवरच्या गावातल्या. कानडी चौथी शिकलेल्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा मराठी बोलायच्या थोडी, वाचता मुळीच येत नव्हती. दुकानावर काय लिहिलंय कळायचं नाही, बसवर काय लिहिलंय कळायचं नाही. नवरा दिवसभर शहरभर अक्षरं काढत हिंडतो आणि आपल्याला त्यातलं एक लागत नाही, याची त्यांना फार लाज वाटायची.

"शिक की मग," गुरुबसप्पा म्हणाले.

"तुमची मराठी टोचते, री," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्या कानडी रीतीनं 'री' म्हणायच्या, अजून म्हणतात. "सगळीकडं टोकं. आमची अक्षरं कशी गुंडगं असतात, लाडवासारखी."

गुरुबसप्पांनी तीन रविवार खर्ची घातले. एका पत्र्यावर अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं काढली. निळ्यावर पिवळी, आणि एकालाही टोक नाही. घासून बोथट झालेला जुना ब्रश घेतला आणि कानडी अक्षराच्या अंगानं मराठी अक्षर वळवलं. शेवटी रिवाजाप्रमाणे निंगव्वांना म्हणाले, "मालकीणबाई, या, हात लावा."

एकेका ओळीची रेघ होत गेली. शेवटच्या ओळीत ज्ञ उरला होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंनी खणखणीत हाक मारली. निंगव्वा दचकल्या. ज्ञवर रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी वर उचलली गेली आणि परत खाली आली. गुरुबसप्पा फडकं घेऊन पुसायला निघाले, तर निंगव्वांनी हात धरला. "राहू द्या. माझी खूण."

तो पत्रा स्वयंपाकघरात, भाकरीच्या तव्यासमोर टांगला गेला. भाकरी थापता थापता निंगव्वा मराठी वाचायला शिकल्या. पुढं त्याच वळणाची अक्षरं गुरुबसप्पांनी पहिल्यांदा एका पिठाच्या गिरणीवर काढली आणि मग तीच त्यांची झाली. चाळीस वर्षांत त्यांनी किती बोर्ड केले याचा हिशेब त्यांच्याकडं नाही.

मग फ्लेक्स आले. जुने पत्रे एकेक करून उतरले. कुणी ते गोठ्याला ठोकले, कुणी भंगारात दिले. गुरुबसप्पा सकाळी फिरायला निघाले की आपले उरलेले बोर्ड बघून यायचे. गेल्या वर्षी अकरा होते. ते गेले की शहरात 'गुरू' हे नाव कुठंच राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. मूलबाळ नव्हतं. त्यांनी कधी त्रागा केला नाही, पण एखादा बोर्ड दिसेनासा झाला की त्या दिवशी ते कमी जेवायचे, आणि निंगव्वा विचारायच्या, "आज कुठला गेला?"

अशात सिद्धेश्वरी परत आली.

सिद्धेश्वरी शेजारच्या मृत्युंजयची मुलगी. चालायला लागली तशी गुरुबसप्पांच्या ओट्यावरच वाढली. रंगाचे रिकामे डबे तिची खेळणी. निंगव्वांच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय तिला झोप यायची नाही. पाचवीत गेली तेव्हा गुरुबसप्पांनी तिच्या कंपासपेटीवर तिचं नाव रंगवलं आणि वरची रेघ तिचा हात मनगटावर घेऊनच ओढली. ती पेटी तिनं दहावीपर्यंत बदलली नाही. मग पुण्याला अक्षरांचंच काहीतरी शिकायला गेली. गल्लीत कुणाला ते नीट समजलं नाही, गुरुबसप्पांना समजलं.

"काका, मी तुमच्या अक्षरांचा फॉन्ट करणार," ती म्हणाली. "कम्प्युटरवर, मोबाइलवर, कुणालाही ही अक्षरं वापरता येतील. बोर्ड उतरले तरी अक्षरं जाणार नाहीत."

"आन् नाव?" गुरुबसप्पांनी भीत भीत विचारलं.

"नाव तर राहणारच की! गुरुबसप्पा पेंटर, सोलापूर. सगळ्या जगाला कळेल."

चार दिवस ती स्वयंपाकघरात पत्र्यासमोर ठाण मांडून होती. एकेका अक्षराचे फोटो काढले, ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतली. काही जोडाक्षरं पत्र्यावर नव्हती, ती गुरुबसप्पांनी तिच्यासमोर बसून काढून दिली. निंगव्वा मध्ये मध्ये भाकरी सरकवत होत्या. ज्ञवरचा उंचवटा बघून सिद्धेश्वरी म्हणाली, "हे काय झालंय काकू?" निंगव्वा नुसत्या हसल्या. सांगण्यासारखं नवरा-बायकोतलं ते. तरण्या पोरीला काय सांगायचं?

त्या संध्याकाळी गुरुबसप्पांनी आपल्या जुन्या दोस्ताला, येडूला, सगळं सांगितलं. येडूही एके काळचा रंगारी. काम बंद पडल्यावर रिक्षा चालवायला लागला.

"म्हंजे आता तू अमर होणार म्हण की," येडू म्हणाला. "आमचं काय बे? आमी मेलो की रिक्षाच्या मागं 'आई' लिव्हलेलं तेवढं राहणार."

"तुझं पण सांगतो की तिला."

"नको बाबा. माझं अक्षर बघून तिचा कम्प्युटर बंद पडायचा."

गुरुबसप्पा लाजले, पण मग त्यांनी चहावाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, मठात पुराणाला बसणाऱ्या चौघांना सांगितलं. आयुष्यात कधी स्वतःचं कौतुक न सांगितलेला माणूस. एकदा सांगायला लागला तर त्याला थांबता येईना.

वर्ष गेलं. एका सकाळी सात रस्ता चौकात ते रस्ता ओलांडायला उभे होते आणि समोर साड्यांच्या एका मोठ्या जाहिरातीवर त्यांना आपली अक्षरं दिसली. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी मोठी. 'लग्नसराई'तला स त्यांचा होता, ई त्यांची होती. मागून रिक्षावाले भोंगे वाजवत होते आणि म्हातारा रस्त्याच्या कडेला हरखून उभा. सवयीनं नजर उजव्या कोपऱ्यात, खाली गेली. तिथं दुकानाचा फोन नंबर होता.

'जाहिरातीवर कसं असंल?' त्यांनी मनाची समजूत घातली. 'नाव पुस्तकात असतंय. पोरगी आणून देईल.'

पोरगी आली. हातात पेढ्यांचा बॉक्स, गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका आणि आमंत्रणपत्रिका. जुळे सोलापुरात तिनं स्वतःचं ऑफिस घेतलं होतं, रविवारी उद्घाटन होतं. फॉन्ट एका मोठ्या कंपनीनं घेतल्याचं सांगितलं. नेहमी आली की आधी चुलीकडं जाणारी सिद्धेश्वरी त्या दिवशी ओट्यावरच उभी राहिली.

"काका, ऑफिसचा बोर्ड तयार आहे. तुमचीच अक्षरं. वरची रेघ मुद्दाम ठेवलीय. ती तुम्हीच ओढायची, माझा हात मनगटावर घेऊन. व्हिडिओ करणारे येणार आहेत. ब्रश आणा हं तुमचा, तो बोथटच."

"बस की. भाकरी होत आल्या," निंगव्वा आतून म्हणाल्या.

"नको काकू, लई कामं आहेत." तिनं पुस्तिका पालथी ठेवली, तिच्यावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला, दोघांच्या पाया पडली आणि गेली.

जेवणं झाल्यावर निंगव्वांनी बॉक्स उचलला, पुस्तिका मांडीवर घेतली. गुरुबसप्पांचा चष्मा तुटलेला, म्हणून वाचायचं काम निंगव्वांचं. पुस्तिका सगळी त्याच अक्षरांत छापलेली. निंगव्वांना मोठी गंमत वाटली. बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं त्या वाचू लागल्या.

"सोलापुरी गोल. रचनाकार, सिद्धेश्वरी मृत्युंजय." त्यांनी मान हलवली. "ही अक्षरं... सोलापूरच्या रस्त्यांवर... कधी काळी एका... अज्ञात रंगाऱ्यानं काढली. त्याचं नाव... आज कुणालाही ठाऊक नाही."

त्यांनी बोट मागं नेऊन एक शब्द परत वाचला.

"अज्ञात म्हंजे काय, री?"

गुरुबसप्पा पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण नीट बसवू लागले.

"सांगा की."

"म्हायती नसलेला."

"कुणाला म्हायती न्हाय?" निंगव्वांनी खरोखर न समजून विचारलं. मग पान डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचं बोट एका जागी थबकलं. 'अज्ञात'मधल्या ज्ञवर रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी वर उचललेली होती.

पुढच्या पानांवर फोटो होते. त्यातला एक गिरणीच्या बोर्डाचा होता. उजवा कोपरा फोटोतून कापलेला होता. मेडिकलच्या बोर्डाचाही. गुरुबसप्पांनी पुस्तिका उन्हात धरून एकेक फोटो पाहिला. सहा फोटो, सहाही कोपरे नव्हते. चुकून एक जातो. सहा कापायला माणसाला बसावं लागतं.

त्या आठवड्यात ते फिरायला गेले नाहीत. चहावाल्याच्या समोरून जायचं टाळलं. येडू घरी आला तेव्हा त्याला पुस्तिका दाखवली. येडूनं दोनदा वाचली.

"आयला. ओट्यावर जेवून उठलेली पोरगी."

"शेजार हाय. बोलू नको कुटं."

"शेजार तिला कळंना, तुला कळतोय." येडूनं पुस्तिका ठेवली. "जाऊ नको तितं."

"जायचं," निंगव्वा म्हणाल्या. "ब्रश घेऊन जायचं. बोलावलंय नव्हं? आमी अज्ञात असतो तर बोलावलं असतं का?"

रविवारी येडूच्या रिक्षातून तिघं जुळे सोलापुरात गेले. गुरुबसप्पांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, निंगव्वांनी इरकल लुगडं. ऑफिसला झेंडूच्या माळा, बाहेर तीसेक माणसं, दोन कॅमेरे. दारावर पांढऱ्या पत्र्याचा बोर्ड, त्यावर निळी जाड अक्षरं: सिद्धेश्वरी अक्षरशाळा. वर रेघ नव्हती. दोरी नसलेल्या कपड्यांसारखी अक्षरं सुटी सुटी लोंबत होती. खाली मोठी शिडी, रंगाचा नवा डबा.

सिद्धेश्वरी लगबगीनं पुढं आली. माइक घेऊन पाहुण्यांना म्हणाली, "हे आमचे काका. जुन्या काळातले रंगारी. माझ्या लहानपणापासूनचे शेजारी." टाळ्या वाजल्या. नाव तिनं घेतलं नाही.

गुरुबसप्पा शिडी चढले. दोन पायऱ्या खाली सिद्धेश्वरी चढली. त्यांनी ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. कंपासपेटीच्या वेळी ठेवला होता तसाच, अंगठा आत दुमडून.

"बाळ," ते हळू म्हणाले, "मी अज्ञात कसा गं?"

तिचा हात मनगटावर गार पडला. खालून कॅमेरावाला म्हणाला, "सर, रेघ ओढा, लाइट चांगलाय."

"काका, ते... कंपनीचं असतं," ती कुजबुजली. "एका माणसाचं नाव घातलं की त्याचा करार, त्याची सही, सगळं लागतं. वकील म्हणाले, अज्ञात लिहा, प्रश्न येत नाही. आणि लोकांनाही ते आवडतं. कुणीतरी हरवलेला कलाकार. त्यात गोष्ट असते."

"सही घ्यायला तुला किती लांब यायचं होतं?"

तिच्या घराच्या दारापासून त्यांचा ओटा चार पावलांवर होता.

"कोपरे तूच कापले?"

तिनं नजर कॅमेऱ्याकडं वळवली, तेव्हा कळलं. शिडीच्या पायथ्याशी निंगव्वा उभ्या होत्या. सगळं ऐकू गेलं होतं. "सिद्धे," त्या म्हणाल्या, "त्या ज्ञवरचं तसंच ठेवलंस व्हय?"

"काकू, ती चूक खरं तर सगळ्यांना आवडली. फॉन्टच्या स्पर्धेत परीक्षकांनीसुद्धा तेच अक्षर—"

"चूक न्हाय ती. सासूबाईनं हाक मारली होती. माझा हात हाय तितं. मला विचारायचं होतंस की. पत्रा माझा होता."

आता पुढच्या रांगेतले पाहुणे एकमेकांकडं पाहायला लागले. सिद्धेश्वरीचे डोळे भरले. ते खोटे नव्हते. गुरुबसप्पांना तिचं खरं रडणं आणि खोटं रडणं ती दोन वर्षांची असल्यापासून ओळखू यायचं.

"काका, मी आत्ता माइकवर सांगते. तुमचं नाव सांगते सगळ्यांना. लगेच."

"आन् पुस्तकात?"

"पुस्तक... छापून सगळीकडं गेलंय काका."

"मग तितं मी अज्ञातच."

ती मान खाली घालून उभी राहिली. गुरुबसप्पांनी समोरच्या अक्षरांकडं पाहिलं. सिद्धेश्वरीतला श्व त्यांनी तिच्यासाठी मागच्या वर्षी, स्वयंपाकघरात मांडी घालून, तिच्याच हातातल्या कागदावर काढून दिला होता. चांगला उतरला होता. त्यांनी ब्रश परत डब्यात बुडवला नाही. खिशातलं फडकं काढून सावकाश, केस न् केस पुसला.

"रेघ ओढली की बोर्ड मालकाचा," ते म्हणाले. "ओढत न्हाय मी. माझा राहू दे."

ती आधी उतरली, मग ते. उतरताना तिनं सवयीनं त्यांचा कोपर धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. जमिनीवर पाय टेकल्यावर मात्र त्यांनी निंगव्वांचा हात धरला आणि दोघं रिक्षाकडं चालू लागले. मागं कुणीतरी माइकवर म्हणत होतं की चहा-नाश्त्याची सोय आतल्या बाजूला आहे.

रिक्षा विजापूर रोडला लागल्यावर निंगव्वा म्हणाल्या, "सासूबाई असत्या तर आज पण हाक मारली असती." गुरुबसप्पांच्या घशातून काहीतरी आवाज आला, हसू की काय ते येडूला आरशात कळलं नाही.

मृत्युंजय दोनदा माफी मागून गेला. त्याला पाणी दिलं, चहा दिला. सिद्धेश्वरी आली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना निंगव्वा पहिले काही दिवस एक जास्त थापायच्या, मग स्वतःवरच चिडून ती गाईला घालायच्या. तव्यासमोरचा पत्रा आहे तिथंच आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात 'गुरू' लिहायचं राहून गेलं होतं. घरातल्या पत्र्यावर कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. आता लिहावं का, असं येडूनं सुचवलं. गुरुबसप्पा म्हणाले, "आता कसं लिहिणार? रेघ झालीय. तो निंगव्वाचा हाय."

पंधरा दिवसांनी येडू जुळे सोलापुरात भाडं सोडून आला आणि ओट्यावर टेकला.

"लागली बरं का रेघ तुझ्या बोर्डाला."

"कुणी ओढली?"

"ओढली कुटं? निळी पट्टी चिकटवलीय. मशीनमधनं काढलेली."

गुरुबसप्पांनी शेजारच्या बंद दाराकडं पाहिलं. त्याच दारातून चार पावलं टाकून एक लहान मुलगी रंगाचे डबे वाजवत यायची.

"मग अजून माझाच हाय तो. नाव घालायचा हक्क पण," ते म्हणाले, आणि आत जाऊन वाळलेला ब्रश तेलात भिजत घातला.